‘ओन्ली’ची जागा

मास्तरांच्या दुकानात कॉफी मागताना ‘प्लीज’ म्हटलेलं चालत नसे.

“प्लीज कशाला? मी उपकार करतोय का? कॉफी हवी तर कॉफी म्हण, ला.”

वाक्याच्या शेवटचा हा ‘ला’ मराठीतला नव्हता. मास्तर मलेशियातल्या इपोह गावी जन्मले होते, आणि तिकडे म्हणे सगळेच बोलण्याला असं शेपूट लावतात. बस ला, खा ला, काय मूर्ख आहेस ला. लंडनजवळच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधले गोरे लॉरी ड्रायव्हर पहिल्यांदा आले की गोंधळायचे. दुसऱ्या खेपेला दारातूनच “कॉफी, ला!” असं ओरडायचे, आणि मास्तर त्यांच्या टोस्टवर जास्तीचं लोणी घालायचे.

दुकानाला पाटी नव्हती. म्हणजे होती, पण रंगवणाऱ्याने ॲपॉस्ट्रॉफी चुकीच्या जागी घातला म्हणून मास्तरांनी ती भिंतीकडे तोंड करून उभी ठेवली होती. मी पाहिल्यापासून ती तशीच होती. इपोहला ते शाळेत इंग्रजी शिकवायचे. इंग्लंडला येऊन कॉफीचं दुकान टाकलं, तरी लाल पेन खिशातच राहिलं. शेजारच्या फिश अँड चिप्सवाल्याच्या मेन्यूवर ते चुका काढून ठेवायचे. कौन्सिलकडून पत्र आलं की तपासून, दहापैकी चार मार्क देऊन, परत पोस्टात टाकायचे. एकदा सात दिले होते. “नवी मुलगी लागली असणार ऑफिसात,” म्हणाले, “सेमीकोलन येतो तिला.”

मी त्यांच्याबद्दल लिहायचं की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. अजूनही नीट ठरलंय असं नाही. त्यांनी मला जे दिलं ते खरं आहे, आणि जे केलं तेही खरं आहे. दोन्ही एका कागदावर मावतात का, ते बघते.

आमचा आणि त्यांचा संबंध रविवारच्या न्याहारीचा. न्याहारी हा शब्दही त्यांचाच. आम्ही ब्रेकफास्ट म्हणायचो. त्यांचे आजोबा कोकणातून कारकुनीसाठी मलायात गेले होते, आणि मास्तरांचं मराठी त्या आजोबांच्या बोटीतून उतरलं होतं तिथेच थांबलं होतं. ते ‘जिन्नस’ म्हणत, ‘अंमळ’ म्हणत. भारत त्यांनी कधी पाहिला नव्हता.

“मिस्टर, इंडियात पाहण्यासारखं काही आहे का?” ते बाबांना विचारायचे.

“आहे की, मास्तर. तुमचं कोकणच बघा.”

“मोठे डास आहेत म्हणतात.”

“ते तर इपोहलाही असतील.”

“आमचे डास शिस्तीचे होते, ला. ब्रिटिशांचे.”

बाबा पोट धरून हसायचे. बाबा गोडाउनमध्ये खोकी उचलायचे, आठवड्यातले सहा दिवस त्यांच्याशी कोणी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नसे. रविवारी ते ब्लेझर घालायचे. ऑक्सफॅमच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलेला, थोडा मोठा होणारा. सकाळी आठला आम्ही चौघं निघायचो: बाबा, आई, मी आणि धाकटा भाऊ.

पहिल्यांदा गेलो तो योगायोग होता. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आम्हाला स्लाऊला येऊन दोनच महिने झाले होते. रस्त्याने जाताना एका दारातून आवाज आला, “अरे, दूध उतू गेलं की!” बाबा पेव्हमेंटवर थबकले. मग दार ढकलून आत गेले आणि तोंडभर हसून म्हणाले, “जय भीम!”

मास्तरांनी फडक्याला हात पुसले. आमच्याकडे पाहिलं. म्हणाले, “गुड मॉर्निंग.”

मग गाव विचारलं, जिल्हा विचारला. बाबांनी सगळं सांगितलं. “अच्छा,” मास्तर म्हणाले. “बसा, मिस्टर.”

मी आठ वर्षांची होते. मला फक्त टोस्ट आठवतो. कोळशावर भाजल्यासारखा करपट, मध्ये लोण्याची थंड चकती आणि ‘काया’ नावाचा जॅम. नारळाचं दूध, अंडी आणि साखर तासन् तास ढवळून करायचे. आईने एक घास खाल्ला आणि पुटपुटली, “हा तर बिनवेलचीचा नारळीपाक.” सोबत बशीत फोडलेली, अर्धीकच्ची उकडलेली दोन अंडी, वर काळा सोया सॉस आणि पांढरी मिरी. आणि कॉफी, कापडी मोज्यासारख्या गाळणीतून उंचावरून ओतलेली, डांबरासारखी, तळाशी कंडेन्स्ड मिल्कचा थर.

ती बशीत ओतून प्यायची. हा मास्तरांचा नियम होता. “इपोहला साहेबसुद्धा बशीतून प्यायचे. कपातून पितो तो घाईतला माणूस. घाई असेल तर घरी जा.” माझ्या बाबांना बशीतून चहा प्यायची सवय. गोडाउनच्या कॅन्टीनमध्ये त्यावरून त्यांची नक्कल व्हायची. इथे तेच शिष्टाचाराचं होतं. बाबा दोन्ही हातांनी बशी धरून फुंकर घालायचे तेव्हा त्यांचे खांदे खाली उतरायचे. ते खांदे मला अजून दिसतात.

दुकानातले कप जाड पांढऱ्या चिनी मातीचे होते, त्यांवर हिरवी फुलं. मास्तरांनी ते इपोहहून पेटीत पेंढा घालून आणले होते आणि त्यांचा त्यांना फार अभिमान होता. आमचे कप मात्र वेगळे. दुसऱ्याच रविवारी त्यांनी आमच्यासमोर निळ्या काठाचे चार नवे कोरे कप, बशांसकट, ठेवले.

“हे तुमचे. फॅमिली कप. दुसऱ्या कुणाला देणार नाही.”

मला काय वाटलं ते कसं सांगू? शाळेत माझं नाव कुणाला उच्चारता येत नव्हतं. कौन्सिलच्या फ्लॅटमध्ये आमच्या दारावर आधीच्या भाडेकरूचंच नाव होतं. आणि इथे एका दुकानात, मागच्या सिंकपाशी, एका वेगळ्या फळीवर, माझा कप होता. मी वर्गात सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही.

एकदा भावाच्या हातून त्याचा कप फुटला. तो रडायला लागला. मास्तर रागावले नाहीत. पुढच्या रविवारी तसाच निळ्या काठाचा कप हजर. “मॅचिंग मिळवायला तीन मार्केटं फिरलो,” म्हणाले. घरी येताना मी आईला म्हटलं, किती चांगले आहेत ना? आई म्हणाली, “चाल लवकर. थंडी आहे.”

आई तिथे कॉफी कधीच प्यायली नाही. ॲसिडिटी होते म्हणायची. तिचा कप दर रविवारी भरून यायचा, साय धरायचा आणि भरलेलाच परत जायचा. मास्तरांनी तिला ‘मिसेस कोसोंग’ नाव ठेवलं होतं. कोसोंग म्हणजे रिकामं. दूध-साखर नसलेल्या कॉफीला तिकडे तसं म्हणतात.

न्याहारी झाली की माझी शिकवणी. त्यासाठी त्यांनी कधी काही घेतलं नाही, हे लिहायलाच हवं. मी ‘स्कॉलर’. माझ्या वह्या ते अंड्याच्या बशा बाजूला सारून तपासायचे. त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू होता ‘ओन्ली’ हा शब्द. आपल्या ‘च’ची सवय आपल्याला इंग्रजीतही सुटत नाही, आम्ही सगळ्याच्या मागे ‘ओन्ली’ लावायचो. बाबा तर ‘आय ॲम कमिंग फ्रॉम वर्क ओन्ली’ म्हणायचे.

“ओन्लीला त्याची जागा असते, स्कॉलर,” मास्तर म्हणायचे. “ज्या शब्दाशेजारी बसवशील त्यालाच तो चिकटतो. एक खुर्ची इकडची तिकडे झाली की अर्थ बदलला. शब्दाला त्याची जागा कळली पाहिजे.”

आणि ते इपोहच्या गोष्टी सांगायचे. रविवारी सकाळी त्यांचे वडील सगळ्या पोराबाळांना घेऊन हैनानी चिन्याच्या कॉफीच्या दुकानात जायचे. गोल संगमरवरी टेबल, त्याला एका बाजूला तमिळ स्टेशनमास्तर, दुसऱ्या बाजूला मलाय पोलीस, मध्ये हे. “एका टेबलाला, ला! जगात कुठे पाहिलंस?” त्यांची आई मात्र आपला कप रुमालात बांधून घरून आणायची आणि चिन्याला म्हणायची, वरून ओत. हे सांगताना ते आईची नक्कल करायचे, पदर सावरत, नाक वर करत. आम्ही हसायचो. बाबाही हसायचे, पण पोट धरून नाही.

युनिव्हर्सिटीच्या फॉर्मवर स्वतःबद्दल एक पानभर लिहायचं होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. काय लिहायचं ते विचारणार कुणाला? मी मास्तरांच्या दुकानाबद्दल लिहिलं. ते टेबल, ती माणसं. आणि आमच्या कपांबद्दल: ‘ही ओन्ली कीप्स दीज कप्स फॉर अस.’

मास्तरांनी चष्मा लावला. लाल पेन काढलं.

“‘ही ओन्ली कीप्स’? म्हणजे मी कप ठेवण्यापलीकडे काही करत नाही? टोस्ट कोण भाजतं, तुझा बाप?”

बाबा हसले. मास्तरांनी ‘ओन्ली’भोवती गोल काढला आणि बाण ओढून तो शब्द ‘फॉर अस’च्या आधी नेऊन बसवला. फक्त आमच्यासाठी. पेन काही वेळ त्या वाक्यावर तसंच थांबलं होतं. मग ते म्हणाले, “हां. आता जे आहे तेच म्हणतंय.”

ब्रिस्टलला इंटरव्ह्यूमध्ये प्राध्यापकबाईंनी नेमकं तेच वाक्य मोठ्याने वाचलं. “हाउ लव्हली,” म्हणाल्या. मला जागा मिळाली.

निघायच्या आधीच्या रविवारी मी मास्तरांना विचारलं, माझा कप घेऊन जाऊ का? मला वाटलं होतं आढेवेढे घेतील. त्यांनी लगेच वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. “ने ने. तुझाच आहे. परत आणायची गरज नाही.”

युनिव्हर्सिटीच्या होस्टेलवर, हॉलमध्ये, मी त्याच कपातून कॉफी प्यायचे. तो पाहूनच मे लिंगशी ओळख झाली. ती पेनांगची, इंजिनिअरिंगला होती. तिला घरची इतकी आठवण यायची की मी म्हटलं, चल, तुला आमच्या स्लाऊचं कोपीतियाम, तुमच्याकडचं कॉफीचं दुकान, दाखवते. फेब्रुवारीत रीडिंग वीकच्या सुट्टीत आम्ही ट्रेनने आलो. गुरुवार होता, दुपार. दुकानात कोणी नव्हतं.

मे लिंगला बघून मास्तर वीस वर्षांनी तरुण झाले. मलायमध्ये काय काय बोलले, तिच्या आजीच्या गल्लीचं नाव विचारलं, टोस्ट भाजला, गाळणी हातभर उंच नेऊन कॉफी ओतली. तिच्यापुढे हिरव्या फुलांचा कप आला. माझ्यापुढे पॉलिस्टायरीनचा, म्हणजे थर्मोकोलचा, टेकअवेचा, झाकण नसलेला.

मला वाटलं, चुकून.

“मास्तर, मला पण तसल्याच कपात द्या ना. माझा ब्रिस्टललाच आहे.”

“तोच घे, ला. कॉफी तीच आहे.”

“मग बशीत कशी ओतू?” मी हसत म्हटलं, आणि काउंटरवरचा एक हिरव्या फुलांचा कप उचलला.

“तो ठेव.”

आवाज मोठा नव्हता. वर्गात मॉनिटरला सांगतात तसा. मी कप हातात घेऊन उभी राहिले.

“त्यातून बाकीची माणसं पितात,” ते मराठीत म्हणाले.

खरं सांगते, तरीही मला कळायला वेळ लागला. आम्ही बौद्ध. आमच्या आजोबांपर्यंत सगळे गावकुसाबाहेर जन्मले आणि तिथेच गेले. हे मला माहीत होतं, पण पुस्तकातल्यासारखं, इंडियातल्यासारखं. स्लाऊमधल्या दुकानातल्या मागच्या सिंकपाशी एक वेगळी फळी असते, तिच्याशी मी ते कधी जोडलंच नव्हतं.

“म्हणून आमचे कप वेगळे?” मी विचारलं.

मास्तर खजील झाले नाहीत. ते झाले असते तर मला आज हे लिहायला सोपं गेलं असतं. त्यांनी समजावून सांगितलं, ‘ओन्ली’ समजावत तसंच.

“हे बघ स्कॉलर. मी डुक्कर खातो, चिन्याच्या हातचं खातो. माझं कसलं सोवळं? पण आईला शब्द दिला होता. शेवटच्या दुखण्यात होती. म्हणाली, कुठेही खा, कुठेही पी, एवढं एक पाळ. तुमच्याबद्दल मनात काही नाही. असतं तर नवे कोरे कप आणले असते? टवके उडालेले दिले असते. आणि तुझ्या वडिलांना माहीत आहे. त्यांनी कधी विचारलं नाही. समजूतदार माणूस आहे.”

मे लिंग आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. “इज इट द कप?” तिने विचारलं. तिला काय सांगणार? तिच्या कपातली कॉफी निम्मी झाली होती. मी हातातला कप काउंटरवर ठेवला. फोडला नाही. आता वाटतं फोडायला हवा होता, पण मला लहानपणापासून त्यांचे कप जपायची सवय.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं. मे लिंग आत झोपली होती. बाबा बूट पुसत होते.

“तुम्हाला माहीत होतं?”

“दुसऱ्या रविवारी कप बदलले. मी काय आंधळा आहे?”

“मग दहा वर्षं कशाला गेलात?”

बाबांनी बूट खाली ठेवला. “आमच्या गावच्या हॉटेलात आपला कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. आपला आपण काढायचा, वरून ओततील तेवढं उकिडवं बसून प्यायचं, आपला आपण विसळायचा. इथे तो माणूस स्वतः कप आणून पुढ्यात ठेवायचा. टेबलावर. मी म्हटलं, चला, एवढं तरी…”

“खोटं बोलू नका पोरीशी,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ती बाहेर आली नाही. “तुझ्या इंग्लिशसाठी गेले. मी त्याच दिवशी म्हटलं होतं, परत पाऊल टाकायचं नाही तिथे. तर म्हणाले, तू पिऊ नकोस, पण पोरीचं शिक्षण तोडू नकोस. मी नाही प्यायले.”

दहा वर्षं. आठवड्याला एक कप. मी त्याला ॲसिडिटी समजत होते.

“तुम्ही मला सांगायचं तरी,” मी म्हटलं.

“सांगितलं असतं तर शिकली असतीस त्याच्याकडून?” बाबा म्हणाले. त्यांनी बूट परत हातात घेतला. मग ते हळूच म्हणाले, “तू विचारायला नको होतंस.”

हे मला तेव्हा भयंकर वाटलं. त्याचा अर्थ रविवारी कळला. मी मे लिंगला गाडीत बसवून आले तेव्हा आठ वाजून गेले होते. बाबा ब्लेझर घालून, बूट चढवून सोफ्यावर बसले होते. टीव्ही बंद. जायचं नाही हे त्यांनीच ठरवलं होतं, कारण आता मला माहीत झालं होतं. मुलीला कळल्यावर त्या टेबलाला बसणं त्यांना शक्य नव्हतं. मी त्यांची मान वर केली असं मला वाटत होतं. मी त्यांचा रविवार काढून घेतला होता. त्या ब्लेझरमध्ये त्यांचे खांदे वर चढलेले होते, गोडाउनमधून येताना असायचे तसे.

निळा कप अजून माझ्या खोलीत आहे. फेकवत नाही, त्यातून पिववत नाही. काही दिवस त्यात पेन्सिली ठेवल्या, मग त्याही काढल्या. फॉर्मचा कच्चा मसुदाही आहे, तो लाल बाण असलेला. मी तो पुष्कळदा वाचला. मास्तर माझं वाक्य वाचून गप्प बसले असते तर मी म्हटलं असतं, लबाड माणूस. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी माझ्याच हातून, माझ्याच फॉर्मवर खरं लिहून घेतलं आणि व्याकरण तपासून दिलं.

मागच्या हिवाळ्यात मास्तर गेले. बाबांनी हॉलच्या फोनवर कळवलं. आपण फ्युनरलला जाऊन आलो, हेही सांगितलं. मी ओरडले. नको ते बोलले. बाबांनी फोन ठेवला नाही.

“माणसं किती होती?” शेवटी मी विचारलं.

“सहा. मी सातवा. एक तो लॉरी ड्रायव्हर होता, टकलू. फार रडला.”

मग मी जे विचारलं त्याची मला लाज वाटते, पण विचारलं. “चहा दिला का तिथे तुम्हाला?”



“दिला की,” ते म्हणाले. “पॉलिस्टायरीनच्या कपात. सगळ्यांना.”